किझी: बावीस घुमटांचं चर्च आणि त्याच्याभोवतीचं गाव

वायव्य रशियात, करेलियामध्ये, ओनेगा नावाचं अफाट सरोवर आहे. त्यातल्या किझी बेटावर पेत्रोझावोद्स्कहून वेगवान बोटीने सव्वा तासात पोचता येतं. बेटावर उतरलं की आधी लागतं ते कुंपण. दगडी पायावर आडवे रचलेले जाडजूड ओंडके, वर फळ्यांचं उतरतं छप्पर. आत दोन चर्चं आणि एक घंटाघर. पाहणाऱ्याला वाटतं, हे कुंपण शेकडो वर्षांपूर्वीचं, शत्रूला अडवायला बांधलेलं असणार. ते बांधलंय १९५९ साली. अलेक्सांद्र ओपोलोव्निकोव्ह या वास्तुरचनाकाराने उत्तरेतल्या दुसऱ्या एका गावाचं जुनं कुंपण नमुना म्हणून घेतलं आणि त्याबरहुकूम हे उभं केलं.

किझीचा अभ्यास या कुंपणापासून सुरू करण्याचं कारण आहे. इथलं मोठं चर्च १७१४ सालचं, ३७ मीटर उंच, बावीस घुमटांचं आणि संपूर्ण लाकडी. पण गेल्या दोनशे वर्षांत ते कधी पांढऱ्या फळ्यांत झाकलेलं होतं, कधी उघडं, कधी पोटात लोखंडी सांगाडा घेऊन उभं, तर कधी तळाचे ओंडके काढून घेतल्यामुळे चक्क अधांतरी. त्यामुळे जुनं वाचवायचं हे ठरल्यावरही पुढचा प्रश्न सुटत नाही: यातलं नेमकं कोणत्या सालचं चर्च वाचवायचं? ज्या काळी गाव नांदतं होतं, त्या काळी हा प्रश्न कुणाला पडल्याचं दिसत नाही. गाव पांगलं आणि तो उभा राहिला. या प्रकरणातला मला दिसणारा मुख्य धागा हाच.

पोगोस्त: देऊळ, चावडी आणि स्मशान

किझी म्हणजे एकच सलग वस्ती, असं कधीच नव्हतं. बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यांवर चार-सहा घरांच्या वाड्या विखुरलेल्या होत्या. त्या सगळ्यांचं मिळून एक केंद्र असे, त्याला ‘पोगोस्त’ म्हणत. पूर्वी नोव्हगोरोदच्या ताब्यात असलेल्या या मुलखात पोगोस्त म्हणजे महसुलाचा घटक आणि चर्चची हद्द, दोन्ही. पुढे रशियनमध्ये या शब्दाचा अर्थ आक्रसत ‘चर्चजवळचं कब्रस्तान’ एवढाच उरला. सोळाव्या शतकातल्या महसुली नोंदवहीत किझीच्या पोगोस्तवर दोन चर्चं असल्याचा उल्लेख सापडतो, म्हणजे दोन चर्चं शेजारी ठेवायची रीत आजच्या इमारतींहून जुनी आहे.

दोन कशासाठी, तर थंडीसाठी. मोठं चर्च उन्हाळी, त्यात शेकोटीची सोयच नाही. हिवाळ्यातल्या प्रार्थना धाकट्या, तापवता येणाऱ्या चर्चमध्ये होत. या धाकट्या चर्चला जोडून ऐसपैस ‘त्रापेझ्नाया’ असे. नावाने भोजनाची खोली, पण खरं तर पंचक्रोशीची चावडी: तिथे गावकी बसे, सरकारी फर्मानं वाचली जात, तंटे सुटत. लोक यायचे ते होडीने. या भागातल्या होडीला ‘किझान्का’ असंच नाव आहे.

जमीन खडकाळ. शेत करायचं तर आधी दगड वेचायचे. पिढ्यान् पिढ्या वेचलेल्या दगडांचे लांबट ढीग बेटावर अजून जागोजागी आहेत. राय, ओट, गवत, मासे आणि लाकूडकाम यांवर हे लोक जगत. महत्त्वाची गोष्ट अशी की हे कुणा जमीनदाराचे भूदास नव्हते. ते थेट सरकारला देणं लागणारे शेतकरी होते. चर्च बांधायचं तर निर्णय गावाचा, लाकूडही गावाचं आणि खर्चही गावाचाच.

१७१४

सतराव्या शतकाच्या अखेरीस जुनं चर्च वीज पडून जळालं असं सांगतात. धाकटं चर्च, माता मरियेच्या पोक्रोव्ह सणाच्या नावाचं, १६९४ मध्ये उभं राहिलं आणि बरेच फेरफार होत १७६४ मध्ये आजच्या नऊ घुमटांच्या रूपात आलं. मोठ्या चर्चशी जोडलेली तारीख ६ जून १७१४. ख्रिस्ताच्या रूपांतराच्या सणाला ते अर्पण केलेलं आहे. पीटर द ग्रेटच्या स्वीडनवरील विजयाचं हे स्मारक, असं पर्यटकांना पुष्कळदा ऐकायला मिळतं. पण त्या वर्षीचा गाजलेला आरमारी विजय, गांगुतचा, जुलैच्या अखेरचा. जूनमध्ये त्याचं स्मारक कोण बांधणार?

दुसरी आख्यायिका नेस्तोर नावाच्या सुताराची. काम पुरं झाल्यावर त्याने कुऱ्हाड सरोवरात भिरकावली आणि म्हणाला, असं चर्च झालं नाही, आत्ता नाही आणि पुढेही होणार नाही. गोष्ट सुरेख आहे. पण बावीस घुमटांचं चर्च हे एकाच डोक्यातून अचानक निघालेलं काम नाही. याच ओनेगाच्या दक्षिणेला वितेग्राजवळच्या अन्खिमोवो गावात असंच बहुघुमटी लाकडी चर्च सहा वर्षं आधी, १७०८ मध्ये बांधलं गेलं होतं. म्हणजे या भागातल्या सुतारांच्या हातात ही विद्या होतीच.

रचना समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं दुखणं आणि सगळा इलाज तिच्यातच आहे. पायथ्याला ओंडक्यांचा अष्टकोन, त्याला चारी दिशांना जोडलेले चार भाग. त्या अष्टकोनावर त्याहून लहान अष्टकोन, त्यावर आणखी लहान. घुमट खालून वर असे चढतात: चार, पुन्हा चार, मग आठांचं कडं, मग चार आणि शेंड्यावर एक. वेदीवरचा एक धरून बावीस. भिंती पाइनच्या. साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा ओंडका, कोपऱ्यावर गोल खाच पाडून खालच्यावर बसवलेला. या सांध्यांत खिळा नाही. ‘एकही खिळा न वापरता बांधलेलं चर्च’ ही ख्याती इथूनच आली असावी. प्रत्यक्षात घुमटांवरची लाकडी कौलं खिळ्यांनीच ठोकलेली आहेत, आणि ती सुमारे तीस हजार आहेत! ही कौलं ॲस्पेनच्या लाकडातून कुऱ्हाडीने घडवतात. ताजी असताना ती पिवळसर असतात, मग ऊन-पाऊस खाऊन चांदीसारखी राखाडी होतात.

घुमटांच्या गर्दीत पाणी मुरणार हे सुतारांना ठाऊक होतं. म्हणून बाहेरच्या कौलांखाली, आत, बर्चच्या सालीचा थर दिलेलं दुसरं छप्पर आहे. वरून झिरपलेलं पाणी ते गोळा करून बाहेर काढतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही, पण तीन शतकं भिंती टिकल्या त्यात या लपलेल्या छपराचा वाटा मोठा आहे.

तोफा

चर्च बांधून साठ वर्षं व्हायच्या आतच त्याच्या दारात तोफा डागल्या गेल्या.

तुर्कस्तानशी युद्ध सुरू झालं होतं. ओलोनेत्स भागातल्या सरकारी कारखान्यांना माणसं हवी होती. इथले शेतकरी या कारखान्यांना ‘जोडून’ दिलेले, म्हणजे कागदोपत्री मोकळे, पण हुकूम आला की शेती टाकून कोळसा पाडायला, खाणीवर, बांधकामावर जायचं. १७६९ मध्ये तिव्दियाच्या संगमरवराच्या खाणीवर आणि लिझ्माच्या नव्या कारखान्यावर जाण्याचा हुकूम सुटला आणि लोकांनी नाही म्हटलं. करही वाढवलेले होते. क्लिमेंत सोबोलेव्ह, आंद्रेई साल्निकोव्ह, सेम्योन कोस्तिन यांनी पुढारपण केलं. पीटर्सबर्गला सम्राज्ञी कॅथरीन (दुसरी) हिच्याकडे अर्ज गेले. दोन वर्षांत हे लोण सुमारे चाळीस हजार शेतकऱ्यांपर्यंत पोचलं, आणि त्याचं ठाणं होतं किझीचा पोगोस्त.

१७७१ च्या उन्हाळ्यात प्रिन्स उरुसोव्ह सैन्य घेऊन आला. पोगोस्तपाशी जमलेल्या लोकांना, कामावर जाऊ असं लिहून द्या, असं फर्मावलं. ते बधले नाहीत तेव्हा तोफा डागल्या. पुढाऱ्यांना चाबकाने फोडून काढलं, नाकपुड्या कापल्या आणि जन्मभरासाठी सैबेरियात नेरचिन्स्कच्या खाणींवर पाठवलं.

आज पोस्टकार्डावरच्या चित्रासारखं दिसणारं हे अंगण त्या वेळी लोकांच्या सभेचं मैदान होतं, हे विसरून चालणार नाही. चर्चला ‘लोकवास्तुकलेचा नमुना’ म्हटलं की त्यातले लोक कधीकधी गळूनच जातात.

त्या लोकांकडे आणखीही काही होतं. १८६० मध्ये, पेत्रोझावोद्स्कला हद्दपार होऊन आलेल्या पावेल रिब्निकोव्हला या सरोवराकाठच्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘बिलिना’ म्हणजे जुनी वीरगीतं जिवंत सापडली. किझीजवळच्या सेरेद्का वाडीचा त्रोफिम र्‍याबिनिन हा त्यातला सर्वांत नावाजलेला गायक. तो निरक्षर होता आणि मासेमारी करून पोट भरायचा. १८७१ मध्ये अलेक्सांद्र हिल्फर्डिंग या अभ्यासकानेही त्याची गीतं उतरवून घेतली. रशियाच्या मध्य भागात विस्मरणात गेलेलं हे भांडार इथे वाड्या-वाड्यांत टिकून होतं.

फळ्या चढल्या, फळ्या उतरल्या

एकोणिसाव्या शतकात गावाने आपल्या चर्चचं काय केलं? भिंतींवर बाहेरून फळ्या ठोकून त्या पांढऱ्या रंगवल्या आणि पुढे घुमटांवर पत्रा चढवला. तेव्हाची फॅशन दगडी, शहरी चर्चसारखं दिसण्याची होती. पण नुसती फॅशन म्हणून हे सोडून देता येत नाही. फळ्यांच्या आड ओंडके कोरडे राहिले. जुनं घंटाघर पाडून १८६२ मध्ये नवं बांधलं आणि १८७४ मध्ये तेही पुन्हा उभारलं. वापरातली वास्तू आहे, गळतंय तिथे डागडुजी करायची, जमेल तेव्हा नवं करायचं, हा सरळ हिशोब. आपल्याकडच्या भाषेत, जीर्णोद्धार.

१९३७ मध्ये प्रार्थना बंद झाल्या. स्टालिनच्या दडपशाहीच्या त्या वर्षांत धर्मगुरूंना जे भोगावं लागलं ते इथल्या धर्मगुरूलाही चुकलं नाही. त्याला गोळी घातली गेली. १९४१ ते १९४४ हा मुलूख फिनलंडच्या ताब्यात होता. त्या काळात फिनिश कलेतिहासकार लार्स पेटरसन याने इथल्या लाकडी चर्चची बारकाईने पाहणी केली. पवित्र चित्रं, म्हणजे आयकॉन, फिनलंडला नेले गेले आणि युद्धाच्या शेवटी परत आले. मोठ्या चर्चचं चित्रांनी मढवलेलं छत, ज्याला तिथले लोक ‘आकाश’ म्हणत, ते मात्र युद्धकाळात कायमचं गेलं.

१९४९ मध्ये ओपोलोव्निकोव्हने काम हाती घेतलं. त्याचं मत ठाम होतं. एकोणिसाव्या शतकाने चढवलेलं सगळं उपरं आहे, खरं चर्च त्याच्या खाली आहे. दहा वर्षांत फळ्या उतरवल्या, पत्रे काढले, ॲस्पेनची कौलं पुन्हा घडवून बसवली. आज जगभर ज्या रूपाचे फोटो फिरतात ते रूप त्याने उघडं केलेलं आहे, आणि ते देखणं आहे यात वाद नाही.

पण किंमत मोजावी लागली. शंभराहून अधिक वर्षं झाकलेले ओंडके एकदम वाऱ्या-पावसासमोर आले. त्यामुळे कुजणं वाढलं, असं मत पुढे अनेक संवर्धनतज्ज्ञांनी मांडलं. ओपोलोव्निकोव्हचं ज्ञान दांडगं होतं. त्याने मोजून काढलेल्या आराखड्यांमुळेच इतर काही वास्तूंची आठवण तरी उरली. तरीही, गावाने केलेले बदल म्हणजे घाण आणि मूळ तेवढं पवित्र, ही त्याची विभागणी मला पटत नाही. फळ्या ठोकणारे हात आणि १७१४ साली खाचा पाडणारे हात एकाच पंचक्रोशीतले होते.

गाव रिकामं, बेट भरलेलं

याच सुमारास एक विचित्र अदलाबदल सुरू झाली. क्रांती, सामूहिक शेती आणि युद्धाने खिळखिळ्या झालेल्या वाड्या ओस पडू लागल्या. त्यात साठच्या दशकापासून ‘भवितव्य नसलेली गावं’ असा शिक्का मारून लहान वस्त्यांच्या शाळा, दुकानं बंद करण्याचं सरकारी धोरण आलं. माणसं बेट सोडून गेली आणि इमारती बेटावर येऊ लागल्या. ओशेव्नेवो वाडीतलं १८७६ चं श्रीमंत शेतकऱ्याचं घर १९५१ मध्ये आणून उभं केलं. मुरोम मठातलं लाझरसचं चिमुकलं, अतिप्राचीन मानलं जाणारं चर्च १९५९ मध्ये आलं. मागोमाग पवनचक्की, धान्याची कोठारं, छोटी प्रार्थनाघरं. १ जानेवारी १९६६ ला रीतसर संग्रहालय स्थापन झालं. बेटावरच्या मूळ वस्त्यांपैकी याम्का आणि वासिल्येवो या नावापुरत्या उरल्या.

या स्थलांतराला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते झालं नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर अन्खिमोवोने दिलं. १७०८ सालचं ते बहुघुमटी चर्च १९६३ मध्ये जळून गेलं. ओपोलोव्निकोव्हच्या मोजमापांवरून त्याची प्रतिकृती २००८ मध्ये सेंट पीटर्सबर्गजवळ उभी राहिली, मूळ गावापासून शेकडो किलोमीटर दूर.

लोखंड

किझीचं चर्च सत्तरच्या दशकात कललेलं होतं. खालचे ओंडके कुजलेले, पाया खचलेला, भिंती पिळवटलेल्या. दोन टोकाचे पर्याय होते. एक, पूर्ण उतरवून, खराब ओंडके बदलून पुन्हा रचायचं. उत्तरेतले सुतार पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेले. पण भीती अशी की अडीचशे वर्षांत प्रत्येक ओंडका शेजाऱ्याच्या भाराने वाकून, दबून त्याच्याशी जुळलेला असतो. एकदा सोडवला की पुन्हा तसाच बसेलच असं नाही. दुसरा पर्याय, हात न लावता आधार देणं.

दुसरा निवडला गेला. १९८० मध्ये चर्च बंद झालं. १०२ आयकॉनची सोनेरी, कोरीव भिंत, म्हणजे आयकॉनोस्टॅसिस, सुटी करून साठवणीत ठेवली. जमीन आणि छत काढलं. १९८३ पर्यंत आत लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि चर्च त्याला टांगलं गेलं.

कोसळणं टळलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ओंडक्यांची भिंत जिवंत असते. ओल धरली की फुगते, वाळली की आकसते, दर वर्षी थोडी खाली बसते. लोखंड खाली बसत नाही. टांगलेल्या जागी लाकूड अडकून राहतं आणि बाकीचं सरकत जातं. तात्पुरता म्हणून बसवलेला हा सांगाडा तीन दशकं राहिला. १९९० मध्ये किझीचा पोगोस्त जागतिक वारशाच्या यादीत आला तेव्हा त्याचं मोठं चर्च आतून पोकळ होतं आणि त्यात कुणाला जाता येत नव्हतं. १९९४ पासून धाकट्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाल्या, म्हणजे गाव परतलं नव्हतं तरी घंटा परतली.

खालून वर

वाद वर्षानुवर्षं चालला, परदेशी तज्ज्ञांची पथकं येऊन गेली. अखेर निघालेली तोड त्या दोन्ही पर्यायांच्या मधली होती. २००९ च्या सुमारास काम सुरू झालं. चर्चचे उंचीनुसार सात पट्टे पाडले. वरचा सगळा भार हायड्रॉलिक जॅकनी उचलून त्याच लोखंडी सांगाड्यावर तोलून धरायचा आणि एकच पट्टा सोडवायचा. सुरुवात सर्वांत खालच्या पट्ट्यापासून, कारण पायाही नवा घालायचा होता. ज्या लोखंडाने दुखणं वाढवलं होतं त्याच्याशिवाय हा इलाज झालाच नसता, ही यातली गंमत.

सोडवलेला पट्टा बेटावरच बांधलेल्या कार्यशाळेत जाई. प्रत्येक ओंडक्याची तपासणी होई. चांगला असेल तर तसाच. अर्धा कुजलेला असेल तर तेवढाच भाग कापून तिथे नव्या पाइनचा तुकडा बेमालूम बसवायचा. अगदीच गेलेला असेल तरच नवा ओंडका, आणि तोही दाट वलयांचा, जुन्याच्या जातकुळीचा. मग अख्खा पट्टा कार्यशाळेत एकदा रचून पाहायचा, आणि जुळला की चर्चखाली परत न्यायचा. मग पुढचा. एका दशकात सातही पट्टे झाले, घुमटांवर नवी कौलं चढली, आत जमीन, छत आणि आयकॉनोस्टॅसिस परतले. २०२० च्या उन्हाळ्यात, चाळीस वर्षांनी, लोक पुन्हा आत गेले.

मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती कार्यशाळा. बाहेरून पथक आलं, काम करून गेलं, असं न करता बेटावरच सुतार तयार झाले. कुऱ्हाडीने कौल घडवणारे, खाच पाडणारे हात पुन्हा तिथे आहेत. गाव म्हणावं इतके ते नाहीत, पण पुढची गळती कोण बघणार याला आता नावागावाचं उत्तर आहे. काम चालू असतानाच, १० ऑगस्ट २०१८ ला, याच सरोवराकाठचं कोन्दोपोगाचं १७७४ सालचं ४२ मीटर उंच लाकडी चर्च एका अल्पवयीन मुलाने लावलेल्या आगीत काही तासांत राख झालं. तिथे उचलायला, तोलायला, बदलायला ओंडकाच उरला नाही.

किझीच्या घुमटांवर ताजी बसवलेली कौलं लांबून वेगळी ओळखू येत. आता तीही राखाडी होऊ लागली आहेत. खालच्या त्या कुंपणालाही साठाहून अधिक वर्षं झाली, आणि ओंडके त्याचेही कुजतातच. आता ते दुरुस्त करणाऱ्याने काय जपायचं: ज्याची नक्कल केली तो जुना नमुना, की १९५९ सालचं ओपोलोव्निकोव्हचं काम?